‘ला’चे वस्त्र : प्रेक्षकांच्या सामूहिक वेषभूषेतील अर्थविचार

१

नाट्यविचारात वेषभूषेला आपल्याकडे फार जुने स्थान आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आणि वेष, अलंकार, रंग यांचा समावेश आहार्यात केला. परंतु हा सारा विचार नटाच्या वेषाचा आहे. प्रेक्षकाने कलाकृतीतील काही एक स्वतःच्या हाताने शिवून, ते अंगावर घालून, आपल्या मंडळींसह प्रेक्षागृहात यावे ही कल्पना त्या विचाराच्या कक्षेत येत नाही. अशा वेषाला काय म्हणावे? तो अभिनय नव्हे, कारण प्रेक्षक रंगमंचावर जात नाही. तो नुसता पोशाखही नव्हे, कारण त्याला अर्थ आहे. प्रस्तुत लेखात या प्रकाराचे एक प्रसिद्ध उदाहरण घेऊन, अशा वेषाला कलाकृतीचे ‘वाचन’ मानता येईल काय, आणि मानल्यास ते वाचन कितपत पुरे आहे, याची तपासणी करावयाची आहे.

उदाहरण आहे ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टीन (द्वितीय) यांची गीते असलेले हे संगीतक न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली रंगभूमीवर आले. रॉबर्ट वाइज यांनी त्यावरून केलेला चित्रपट १९६५ साली प्रदर्शित झाला. १९९९ साली लंडनमध्ये त्याच चित्रपटाचे एक निराळे प्रयोग सुरू झाले. पडद्यावर गीतांचे शब्द उमटतात आणि प्रेक्षक ते मोठ्याने गातात. खलपात्र दिसताच फूत्कार होतात. आरंभी वेष करून आलेल्यांची स्पर्धा होते आणि निवाडा टाळ्यांवर ठरतो. लेस्टर चौकाजवळील ज्या चित्रपटगृहात ही प्रथा रुजली तेथून ती अमेरिकेतही गेली. आपल्याकडील प्रेक्षकांना मूळ संगीतकाचा प्रयोग मे २०२३ मध्ये मुंबईत पाहता आला, पण तो नेहमीच्या रीतीचा होता. त्यात प्रेक्षकाने प्रेक्षकच राहावयाचे होते.

२

या स्पर्धेत जोगिणींचे वेष पुष्कळ असतात. ते बहुधा तयार मिळतात, आणि त्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. विचार करण्याजोगे आहेत ते घरी शिवलेले वेष. ते पात्रांचे नसून गीतांतील शब्दांचे असतात. एका गीतात नायिकेला प्रिय असलेल्या वस्तूंची यादी येते. तीतील दोऱ्याने बांधलेले तपकिरी कागदाचे पुडके होऊन येणारे अनेक जण असतात. येथेच पहिली अडचण उद्भवते. कागद शिवता येत नाही. सुईच्या छिद्रांच्या ओळीवर तो फाटतो आणि बसताना चुरगळतो. म्हणून जाणता शिवणारा कागद सोडून त्याच रंगाचे जाड कापड घेतो आणि घड्यांच्या कडांना आतून ताठर अस्तर लावतो. म्हणजे शब्दाशी प्रामाणिक राहण्यासाठी त्याला वस्तूशी अप्रामाणिक व्हावे लागते. अनुवादकास परिचित असलेला हा पेच आहे.

तथापि भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वेष स्वरनामांच्या गीतातून निघतात. नायिका मुलांना पाश्चात्त्य सरगम शिकविताना प्रत्येक स्वरनामाला त्याच्यासारख्या उच्चाराचा इंग्रजी शब्द जोडून देते. कथेतील मुले सात आहेत आणि स्वरही सात. त्यामुळे सात जणांचा गट या गीताकडे साहजिकच वळतो. मूळ स्वरनामे अकराव्या शतकातील ग्विदो दारेत्सो या इटालियन भिक्षूच्या शिक्षणपद्धतीतून आली. एका लॅटिन स्तोत्राच्या चरणार्धांची ती पहिली अक्षरे होत. पुढे ‘उत्’च्या जागी ‘डो’ आले, सातव्या स्वराची भर पडली आणि इंग्रजी पद्धतीत तो ‘टी’ झाला. स्तोत्रातील शब्दांशी असलेले नाते विसरले गेले व निव्वळ ध्वनी उरले. हॅमरस्टीन यांनी त्या रिकाम्या ध्वनींत श्लेषाने पुन्हा अर्थ भरला.

हा अर्थ सर्वत्र सारख्या जातीचा नाही, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ‘डो’ म्हणजे हरिणी आणि ‘टी’ म्हणजे चहा, ही सरळ वस्तुवाचक नामे आहेत. ‘रे’ म्हणजे किरण, हे नामच, पण त्याला हाती धरता येत नाही. ‘मी’ हा इंग्रजीतही उत्तमपुरुषवाचक सर्वनामाचाच ध्वनी आहे (मराठीशी जुळणारा हा योगायोग मौजेचा आहे). त्याचा निर्देश बोलणाऱ्यागणिक बदलतो. ‘फा’ला जोडलेला शब्द ‘दूर’ या अर्थाचा, म्हणजे दोन स्थळांमधील संबंध सांगणारा आहे. र-कार न उच्चारणाऱ्या इंग्लंडमधील बोलीत तो तंतोतंत जुळतो, अमेरिकन उच्चारात जेमतेम. ‘सो’ म्हणजे शिवणे, हे क्रियापद आहे. राहता राहिला ‘ला’. त्याला इंग्रजीत जुळणारा शब्द मिळाला नाही. म्हणून गीतकाराने त्याची ओळख केवळ ‘सो’च्या नंतर येणारा स्वर अशी करून दिली. ग्विदोच्या स्तोत्रात हेच ‘ला’ ओठ या अर्थाच्या शब्दाचे पहिले अक्षर होते. येथे त्याच्यापाशी स्थानाखेरीज काहीही नाही.

ही गीतकाराची हतबलता आहे, असे काही रसिक मानतात. परंतु सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या ‘मूल्या’विषयी जे प्रतिपादन केले ते ध्यानात घेतल्यास उलट म्हणावे लागेल. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांनी ठरते. सातांपैकी सहा स्वर हे तत्त्व श्लेषाच्या आड झाकतात. ‘ला’ मात्र ते उघडे करून दाखवितो. आपल्या परंपरेतील उपमा द्यावयाची तर पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीची देता येईल. मागील सूत्रातून पद ओढून आणल्याशिवाय पुढील सूत्राचा अर्थ लागत नाही.

३

शिवणाऱ्यास हे भाषाशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु कापड बेतावयास घेताच यांतील प्रत्येक भेद त्याच्यापुढे उभा राहतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास लंडनमध्ये असा एक प्रयोग पाहण्याचा योग आला. त्या दिवशी एकाच कुटुंबातील सात जण सात स्वर होऊन आले होते. हरिणी आणि चहाची किटली यांत नवल नव्हते. किटलीचा अंगरखा मात्र कापूस भरून, वर टीप मारून, चहादाणीवर घालतात त्या टोपडीसारखा केलेला होता. किरणाच्या खांद्यांवरून पिवळ्या साटिनच्या पट्ट्या सुटल्या होत्या. ‘मी’ झालेल्या मुलीने छातीवर आरसा शिवून घेतला होता, म्हणजे जो पाहील त्याला स्वतःचेच तोंड दिसे. सर्वनामाचे याहून अचूक चित्र वर्गात फळ्यावर काढता आलेले नाही. ‘दूर’ झालेल्या गृहस्थांच्या पाठीमागे लांबलचक पट्टा लोळत होता आणि त्याच्या टोकाला बोटभर उंचीचे कापडी घर होते. ‘शिवणे’ ही क्रिया दाखविता येत नाही, म्हणून साधनाने क्रिया सुचविली होती. डोक्यावर रुपेरी कापडाने मढविलेली पुठ्ठ्याची सुई आणि तिच्या नेढ्यातून निघालेला लाल लोकरीचा धागा.

‘ला’ झालेल्या बाईंच्या अंगात साधा मांजरपाटाचा झगा होता. त्यावर चित्र नव्हते, अक्षर नव्हते, रंगही नव्हता. फक्त त्याच्या काठाला सुईचा तो लाल धागा धावदोऱ्याने घातलेला होता. त्या सुईमागून चालत होत्या, इतकाच त्यांचा अर्थ होता आणि तो पुरेसा होता. टाळ्या त्यांना कमी पडल्या. मध्यंतरात सुई झालेली बहीण धागा सोडवून बाहेर गेली. कोणीतरी ‘ला’ला विचारले की, आपण काय झाला आहात? त्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि म्हटले, “माझी बहीण परत येऊ द्या, मग सांगते.”

या उत्तरात सामूहिक वेषाचे सारे मर्म आहे. एकट्याचा वेष नामासारखा असतो आणि गटाचा वेष वाक्यासारखा. वाक्यात असे काही शब्द लागतात की ज्यांना एकटे उभे केले तर अर्थ राहत नाही, पण काढून टाकले तर वाक्यच मोडते. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ‘अर्थ’ या शब्दाचे दोन्ही अर्थ घेतले तर ती येथेही लागू पडते. तयार वेष विकत घेणारा जोगिणीचे सोंग आणतो, पण त्या सोंगात त्याने लावलेला अर्थ नसतो. मांजरपाटाचा तो झगा मात्र गीत समजल्यावाचून बेतताच आला नसता. म्हणून असा वेष वाचन होय, असे माझे मत आहे.

४

परंतु हे वाचन कशाचे? येथे गुणगौरव थांबवून परीक्षण करणे भाग आहे. गीतांतील वस्तू आणि शब्द यांपलीकडे हे वेष क्वचितच जातात. चित्रपटाचे कथानक १९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्या घटनेकडे जाते आणि कुटुंबाच्या देशत्यागाने संपते. गंमत अशी की, त्या कथानकाचा विचार करताना चित्रपट स्वतःच पुन्हापुन्हा कापडाकडे वळतो. ते कापड मात्र या प्रेक्षकांच्या शिवणकामात येत नाही.

कप्तानाच्या घरी मुले एकसारख्या खलाशी गणवेषात, शिट्टीच्या हुकुमावर रांगेत उभी राहतात. खेळण्यासाठी वेगळे कपडे त्यांना नाहीत. नायिकेच्या खोलीचे जुने पडदे बदलले जाणार असतात. तेच उतरवून ती मुलांसाठी कपडे शिवते. वेषभूषाकार डोरोथी जीकिन्स यांनी येथे जो विवेक दाखविला आहे तो सूक्ष्म आहे. सातही मुलांचे कापड एकच, हिरव्या-पांढऱ्या नक्षीचे. परंतु मुलांच्या आखूड विजारी आणि मुलींचे झगे निरनिराळ्या बेताचे आहेत. गणवेषात बेत एक असतो आणि अंगे त्यात बसवावी लागतात. या कपड्यांत कापड एक आहे आणि बेत अंगाप्रमाणे बदलतो. दोन्हींत समूह दिसतो, पण दोन समूहांची जात वेगळी आहे. पुढे हाच विचार गंभीर होतो. तारा पोहोचविणारा तरुण रोल्फ नाझी गणवेषात परत येतो. मधुचंद्राहून परतलेला कप्तान आपल्या घरावर लावलेला नाझी ध्वज खाली ओढतो आणि फाडतो. एका कापडाचे शिवणे आणि दुसऱ्या कापडाचे फाडणे, या दोन कृतींमध्ये चित्रपटाचा आशय ताणलेला आहे.

प्रेक्षागृहात ध्वजाच्या प्रसंगी फूत्कार होतात, हे खरे. परंतु फूत्कार ही ठरलेली प्रतिक्रिया आहे. तीत वाचकाला काही ठरवावे लागत नाही. हा प्रकार निव्वळ करमणुकीचा आहे, त्याकडून अशी अपेक्षा करणेच गैर, असा आक्षेप घेतला जाईल. तो मला मान्य नाही. ज्यांनी सर्वनामासाठी आरसा शोधला आणि स्थानवाचक स्वरासाठी धागा शोधला, त्यांची बुद्धी पडदा आणि ध्वज यांच्यापाशी पोहोचू शकली नसती असे म्हणणे हा त्यांचाच अवमान होईल. पोहोचली नाही याचे कारण स्पर्धेची रचना हे आहे. क्षणभर दिसून टाळ्या मिळवील असा श्लेष तेथे जिंकतो, आणि ज्याचा अर्थ दोन तासांनी लागेल असा वेष हरतो. ‘ला’ला टाळ्या कमी पडल्या त्या याच कारणाने.

५

आपल्याकडे याच कथेची छाया असलेल्या ‘परिचय’ (१९७२) या हिंदी चित्रपटात गुलजार यांनी सरगमच्या गीतासाठी निराळी वाट घेतली. तेथे एकेका स्वराला एकेक वस्तू दिलेली नाही. ‘सा’ आणि ‘रे’ जोडून ‘सारे’ हा शब्द घडविला आहे. इंग्रजी गीत स्वरांना वेगळे करून ओळखू देते, हे गीत त्यांना जोडूनच अर्थ देते. अशा श्लेषाचा वेष शिवावयाचा झाल्यास तो एकट्याला घालताच येणार नाही. निदान दोघांना एका वस्त्रात यावे लागेल.

निष्कर्ष असा की, प्रेक्षकांनी घरी शिवलेला सामूहिक वेष ही समीक्षेने दखल घेण्याजोगी अर्थनिर्मिती आहे. शब्दाच्या पातळीवर ती कधी कधी विद्वानांच्या टीपांहून अचूक असते. कथानकाच्या पातळीवर ती अजून अपुरी आहे. ती पुरी करण्यासाठी नवे साहित्य लागणार नाही. एखाद्या गटाने एकाच ताग्यातून कापड घेऊन सात निरनिराळे बेत केले आणि त्यांच्याशेजारी एकाच बेताचे सात गणवेष उभे केले, तरी पुरे होईल. टाळ्या बहुधा थोड्याच पडतील. अशा वेषाचा अर्थ विचारणाऱ्यास मध्यंतरानंतरचा चित्रपट पाहावयास सांगावे लागेल.