लिपी एक, वाचन निराळे

बदलीच्या नोकरीत फिरणाऱ्या मराठी कुटुंबांत एक समजूत फार रूढ आहे : मूल शाळेत हिंदी शिकते, लिपी तीच, तेव्हा मराठी वाचन त्यास आपोआप येईल. ही समजूत आम्हांस मान्य नाही. आजीचे पत्र घडाघडा वाचणारा, परंतु त्यातील मजकूर सांगू न शकणारा मुलगा आमच्या वसाहतींत दुर्मिळ नाही.

लिपी एक असली तरी उच्चार एक नाहीत. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' निराळे. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी एक उच्चार घेतो, जगण्याच्या आज्ञार्थी दुसरा. हा भेद कागदावर दिसत नाही. ज्याच्या कानात तो आधीच आहे, त्यासच तो वाचता येतो. गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरांची उकल आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय, असे मांडले. एक पद शून्य असेल तर फळही शून्यच.

या कसोटीस दोन बालवाचने लावून पाहू. १९५२ पासून मद्रासहून मराठीत निघू लागलेला 'चांदोबा' आता बंद आहे. त्यातील विक्रम-वेताळाची चौकट दर महिन्यास तीच : राजा झाडापाशी परततो, प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ कथा सांगतो, राजाचे मौन सुटते आणि वेताळ पुन्हा झाडावर. प्रौढांस हा तोचतोपणा कंटाळवाणा वाटेल. नवशिक्या वाचकास तो उपकारक ठरतो. परिचित वाक्यांत जोडाक्षरे फोडत बसावी लागत नाहीत, शब्द सबंध नजरेत भरतो आणि मन कथेकडे वळण्यास मोकळे होते. तथापि ही भाषा सपाट आहे. घरातले बोलणे तिच्यात नाही.

ते बोलणे भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'त सापडते. फुरसुंगीच्या बन्याचे 'ट्टॉक' आणि दोस्तांची थट्टा यांचा सूर छापता येत नाही. तो वाचकाने कानातून पुरवावयाचा असतो. मराठी फारशी कानी न पडलेल्या मुलास म्हणूनच हे सरस पुस्तक अवघड जाते.

यास्तव आमचे मत असे : 'चांदोबा'चे जुने अंक मिळाल्यास मुलाने स्वतः वाचावेत, फेणे मात्र आईवडिलांनी मोठ्याने वाचून दाखवावा. कचेरीतून परतल्यावर पंधरा मिनिटे यासाठी काढणे कोणत्याही ठाण्यावर अशक्य नाही.