नाव कुणाचं, देह कुणाचा

युरोपातल्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांवर लिहिताना समीक्षक ‘किती दाखवलं’ याच्यापुढे सहसा जात नाहीत. या चित्रपटांची श्रेयनामावली आणि त्यांचा शेवट एकत्र पाहायला हवा, असं मला वाटतं. कथेत कोण मरतं आणि पडद्यावर कुणाचं नाव झळकतं, यातून त्या धंद्यातली माणसांची किंमत कळते.

30 डिसेंबर 1975 च्या अर्थविषयक कायद्याने फ्रान्सने हे चित्रपट ‘एक्स’ वर्गात टाकले, त्यांच्यावर जबर कर लादला आणि त्यांची थिएटरं वेगळी केली. असे चित्रपट करताना दिग्दर्शक टोपणनावाआड जात. क्लोद म्युलो ‘फ्रेदेरिक लांसाक’ झाला. हे त्याच्याच 1970 च्या भयपटातल्या नायकाचं नाव. जाँ रोलँ ‘मिशेल जाँती’ झाला. मन होईल तेव्हा दोघंही आपापल्या नावाने परत येऊ शकत होते. नटीला ही सोय नव्हती, तिचा चेहराच तिची ओळख सांगत होता. म्हणून रोलँचं एक पाऊल मला मोलाचं वाटतं. ‘ला न्युई दे त्राके’ (1980) मध्ये त्याने याच चित्रपटांतल्या ब्रिजित लाएला स्मृती हरवत चाललेल्या बाईची मध्यवर्ती भूमिका दिली. चित्रपट ओबडधोबड आहे, काही प्रसंग तर निव्वळ भरीचे. पण त्यातली निराशा खरी आहे, कारण लाएला तिथे अभिनय करायला जागा मिळते.

स्वीडनच्या ‘थ्रिलर’मध्ये (1973) नटीला अशी जागा मिळत नाही. बू आर्ने विबेनियसने दिग्दर्शक म्हणून खोटं नाव लावलं. क्रिस्टिना लिंडबर्गच्या मुक्या नायिकेवर अत्याचारांचा ढीग रचला आणि मधेमधे दुसऱ्याच कलाकारांची उघड दृश्यं जोडली. प्रेक्षक तो देह लिंडबर्गचाच समजतो. तिच्या नजरेतली ताकद मान्य करूनही ही फसवणूक मला माफ करता येत नाही.

‘बेझ-म्वा’ने (2000) हे गणित उलटवलं. विर्जिनी देपांतने स्वतःच्या कादंबरीवरचा हा चित्रपट कोराली त्रिन् ती हिच्यासह दिग्दर्शित केला. कोराली प्रौढ चित्रपटांत काम केलेली. राफाएला अँडरसन आणि कारेन लांकोम या नायिकाही तिथल्याच. लांकोमने इथे ‘कारेन बाख’ हे नाव लावलं. शेवट काळाकुट्ट: एक मरते, दुसरी आत्महत्येच्या उंबरठ्यावर पकडली जाते. तरीही त्या केवळ बळी वाटत नाहीत; त्यांचा राग त्यांच्या मालकीचा आहे. 30 जून 2000 ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने या चित्रपटाचा परवाना रद्द केला, तेव्हा या नट्यांच्या कामाची चर्चाच बुडाली.

आता जुन्या प्रौढ चित्रपटांच्या स्वच्छ प्रती पुन्हा निघत आहेत. दिग्दर्शकांची खरी नावं त्यांवर आवर्जून छापली जातात. नट्यांना मात्र विचारायला हवं, कारण कुणाला नाव हवं असेल, तर कुणाला ते पुसलेलंच बरं वाटत असेल. हा निर्णय प्रती काढणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये.