आकाशवाणीचे तीन पुरुष
(चारोटी परिसराच्या संदर्भात एक भाषिक परीक्षण)

राष्ट्रीय नभोवाणीच्या दैनंदिन कार्यक्रमांचे परीक्षण आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आले आहे. एक अंग शब्दसंग्रहाचे. बातम्यांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, ती सामान्य श्रोत्यास कळत नाही, हा आक्षेप जवळजवळ नभोवाणीइतकाच जुना आहे. दुसरे अंग आशयाचे. कोणत्या वार्तेस किती वेळ दिला, सरकारपक्षास झुकते माप दिले की काय, असे प्रश्न या अंगाने विचारले जातात. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. तथापि बातम्या, सांस्कृतिक वृत्त आणि गृहोपयोगी व आरोग्यविषयक माहिती यांचे जे मिश्रण श्रोत्यापुढे रोज येते, त्याचे खरे स्वरूप या दोहोंनी पुरते उकलत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते उकलण्यास व्याकरणातील एक साधी कोटी उपयोगी पडेल. ती म्हणजे पुरुष. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, हे तीन प्रश्न नभोवाणीच्या वाक्यांना विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परीक्षणास स्थळ चारोटीचे घेतले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणूहून कासामार्गे जव्हारकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तो चारोटीचा नाका. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात आदिवासींचे प्रमाण दोनतृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत दर दहांत सुमारे नऊ असे आहे. त्यांत वारली समाज मोठा आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) स्टेन कोनो यांनी वारली बोलीची नोंद मराठीच्या परिवारात केली आहे. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने येथील श्रोता मराठी श्रोताच होय. मुंबई केंद्र त्याच्यापासून फार दूर नाही. भारतातील नियमित प्रक्षेपण याच केंद्रावरून २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. इतक्या जवळच्या आणि इतक्या जुन्या केंद्राचा आवाज येथे कोणत्या पुरुषात पोचतो, हे पाहणे म्हणूनच बोधप्रद आहे.

प्रथम बातम्यांकडे वळू. बातमीपत्राची वाक्ये तृतीयपुरुषी असतात, आणि ती तशीच असावयास हवीत. वृत्तनिवेदकाचा ‘मी’ बातमीत डोकावू नये हा संकेत आकाशवाणीने कसोशीने पाळला. संयत स्वर, स्पष्ट उच्चार आणि विशेषणांचा काटेकोर वापर यांचा वस्तुपाठ तिने मराठीस घालून दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. प्रश्न तृतीयपुरुषाचा नसून त्या तृतीयपुरुषात कर्तृत्व कोणाकडे जाते, हा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी यांचा चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात मृत्यू झाला आणि चारोटी हे नाव देशभर उच्चारले गेले. परंतु कोणत्या विभक्तीत? ‘चारोटीनजीक’, ‘चारोटी येथे’. म्हणजे केवळ अधिकरण. त्या बातमीत याहून वेगळे काही शक्य नव्हते, हे खरे. पण ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, त्या सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराविषयीच्या वार्ता घ्या. तेथे किनाऱ्यावरील मच्छीमार व बागायतदार हे स्वतः एका पक्षाचे कर्ते आहेत. तरी रूढ वृत्तभाषेत ते बहुधा ‘स्थानिकांचा विरोध’ या समासप्राय शब्दबंधात, षष्ठीच्या आश्रयाने, येतात. शासन ‘घोषणा करते’, मंत्री ‘स्पष्ट करतात’, न्यायालय ‘निर्देश देते’. स्थानिकांचा मात्र विरोध ‘असतो’. क्रियापद कर्त्याच्या हातून काढून नामात गोठविण्याची ही रीत केवळ आकाशवाणीची नव्हे, सर्वच वृत्तमाध्यमांची आहे. परंतु जिच्या ध्वनीस राष्ट्राचा ध्वनी मानले जाते, तिच्याकडून अधिक दक्षतेची अपेक्षा करणे वावगे होणार नाही.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठ्या धक्क्याची नोंद ४.१ इतकी झाली. त्या दिवशीच्या धावपळीत एका बालिकेचा मृत्यू झाला. लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. अशा धक्क्यांस मराठी वृत्तभाषेत ‘सौम्य’ म्हणण्याची रूढी आहे, आणि ४.१ या आकड्यास ‘तीव्रता’ म्हणण्याची. भूकंपशास्त्र येथे दोन गोष्टींत भेद करते. भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे मान ते परिमाण; एखाद्या ठिकाणी जमिनीस व घरास बसलेल्या हादऱ्याचे मान ती तीव्रता. परिमाण एकच असते, तीव्रता स्थळास्थळाप्रमाणे बदलते. उगम उथळ असेल आणि घर कच्चे असेल, तर लहान परिमाणाचा धक्काही दाराशी तीव्र होतो. वृत्तभाषेने परिमाणासच ‘तीव्रता’ म्हटल्यामुळे खऱ्या तीव्रतेस नावच उरले नाही. मग यंत्राच्या दृष्टीने खरा असलेला ‘सौम्य’ हा शब्द, ज्याच्या भिंतीस तडा गेला त्याच्या दृष्टीने खोटा ठरला. येथे संस्कृतप्रचुरतेचा दोष मुळीच नाही. ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ हे शब्द सर्वांस कळतात, आणि कळतात म्हणूनच ते दुखवितात. दोष असा, की वाक्याचा दृष्टिबिंदू वेधशाळेत आहे, अंगणात नाही. बातमी ज्याच्याविषयी आहे, तोच ती ऐकतही आहे, ही जाणीव तृतीयपुरुषी वाक्याने गमाविली. आपत्तीच्या काळी अधिकृत वाणीवरचा विश्वास अशा रीतीने ढळला, तर त्या रिकाम्या जागी अफवा येऊन बसते. याहून मोठी हानी कोणत्याही वृत्तसंस्थेची होऊ शकत नाही.

आता सांस्कृतिक कार्यक्रमांविषयी. वारली चित्रकला आज सर्वतोमुखी झाली आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. या कलेचे वृत्त नभोवाणीने द्यावे, हे उचितच होय. पण येथे एक विसंगती लक्षात येते. नभोवाणी हे श्राव्य माध्यम आहे. चित्र ती दाखवू शकत नाही. ज्या विवाहविधीत भिंतीवरचा ‘चौक’ लिहिला जातो आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते, त्या विधीचे दुसरे अंग पूर्णपणे श्राव्य आहे. ते म्हणजे धवलेरीचे गाणे. धवलेरी ही लग्न लावणारी स्त्री आहे, आणि तिचे गाणे हाच तिचा मंत्र आहे. तारपा तर नादाचेच वाद्य. म्हणजे या संस्कृतीचे जे अंग नभोवाणीस सर्वांत सुलभ, ते मागे राहावे आणि जे तिला असाध्य, त्याचे वर्णन व्हावे, असा हा उफराटा क्रम आहे. याचे कारण पुन्हा पुरुषव्यवस्थेत सापडते. चित्राविषयी तृतीयपुरुषात बोलता येते. धवलेरीस मात्र ध्वनिक्षेपकापुढे बसवावे लागते आणि तेथे ती प्रथमपुरुषात, स्वतःच्या बोलीत बोलू लागते. वर्णनाचा विषय होणे आणि वक्ता होणे यांतले अंतर ते हेच.

तिसरा घटक गृह, आहार व आरोग्य यांविषयीच्या सल्ल्याचा. येथे द्वितीयपुरुष अवतरतो. ‘आपण’ हे सर्वनाम आणि विध्यर्थी क्रियापद (‘घ्यावे’, ‘टाळावे’, ‘वापरावे’) ही या प्रकाराची व्याकरणिक लक्षणे. वरवर पाहता हा घटक श्रोत्याच्या अधिक निकट आहे. पण या ‘आपण’मध्ये कोण सामावतो? पावसाळ्याच्या आरंभी शेवळे, टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्यांची वाखाणणी आजकाल सर्वत्र होते; त्यांचे महोत्सवही भरतात. या भाज्या कोठे उगवतात, कोणत्या कोवळ्या घ्याव्यात, कोणती घशास खाजते आणि तिची खाज कशाने मारावी, हे ज्ञान डहाणू-जव्हारच्या रानांत फिरणाऱ्या स्त्रियांचे आहे. नाक्यावर वाटे मांडून बसणारी बाई ते गिऱ्हाइकास फुकट सांगते. हेच ज्ञान ‘आदिवासी स्त्रिया या भाज्या खातात’ अशा तृतीयपुरुषी वाक्यात सांस्कृतिक वृत्त होते, आणि ‘आपण आहारात रानभाज्यांचा समावेश करावा’ अशा द्वितीयपुरुषी वाक्यात आरोग्यसल्ला होऊन तिच्याच कानी परत येते. ‘मी ही भाजी अशी करते’ हे प्रथमपुरुषी वाक्य, जे या दोहोंचे मूळ आहे, तेच या प्रवासात गळून पडते.

संस्कृत नाट्यशास्त्रात ‘आकाशभाषित’ नावाचा एक संकेत आहे. रंगमंचावर एकटाच असलेला नट अदृश्य पात्राकडे तोंड करून ‘काय म्हणालास?’ असे विचारतो, त्याचे उत्तरही स्वतःच उच्चारतो आणि संभाषण पुढे चालवितो. ‘भाण’ या एकपात्री रूपकाचा डोलारा या संकेतावरच उभा असतो. आपल्या नभोवाणीचा द्वितीयपुरुष बव्हंशी या जातीचा आहे. श्रोत्याची शंका निवेदिकाच विचारते आणि तज्ज्ञ तिचे समाधान करतो. पत्रोत्तराचे व दूरध्वनीवरील कार्यक्रम आहेत, हे मान्य. पण पत्र लिहिणारा आणि प्रमाणभाषेत प्रश्न मांडणारा श्रोता हा समाजाचा एक लहान भाग असतो.

यावर असा आक्षेप येईल की, राष्ट्रीय संस्थेने बोलीबोलीतून बातमीपत्रे देणे अव्यवहार्य आहे. शिवाय प्रमाणभाषा हीच विविध बोलीभाषकांस जोडणारी असल्याने तिचाच आग्रह धरावा. या आक्षेपाचा उत्तरार्ध प्रस्तुत लेखकास मान्य आहे. बातमी प्रमाण मराठीतच असावी. इतकेच नव्हे, तर बोलीचा हौसेने केलेला वापर पुष्कळदा अधिक घातक ठरतो. ग्रामीण कार्यक्रमांत ‘गावाकडची भाषा’ म्हणून जी रूढ झाली, ती मुख्यतः देशावरची. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखे लेखक दीर्घकाळ होते, म्हणून तिला तेथे कस लाभला. पण तिचे अनुकरण करणाऱ्यांच्या तोंडी ती एक साचा झाली, आणि वारली श्रोत्यास ती बातमीपत्राइतकीच परकी आहे. तेव्हा मागणी बोलीच्या सोंगाची नाही. वक्त्याच्या स्थानाची आहे.

आणि हे अशक्य नाही, याचा पुरावा आकाशवाणीच्याच इतिहासात आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यात शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कॅनडातील अशाच उपक्रमाचा आदर्श त्यापुढे होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, असे २० कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. त्यांस पुढील कार्यक्रमांत उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि त्याचा अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे द्वितीयपुरुषाने प्रथमपुरुष होऊन उत्तर दिले. ठाणे जिल्हा त्या पाचांत नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली आणि फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमांतून झुमरी तलैया हे आजच्या झारखंडातील लहानसे गाव देशभर परिचित झाले. तेथे अपघात झाला नव्हता की बंदर उभे राहिले नव्हते. तेथील लोकांनी पत्रे लिहिली, एवढेच. संपूर्ण कार्यक्रमपत्रिकेत जेथे गावाचे नाव अधिकरणात न येता इच्छा करणाऱ्या कर्त्याच्या नावास जोडून आले, अशी जागा गाण्यांच्या फर्माइशीची निघावी, हे मनोरंजक आहे आणि थोडे खेदजनकही.

प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. विविध प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे, ग्रामीण, दुर्बल व दुर्गम भागांतील लोकांची सेवा करणे आणि आदिवासी समाजांच्या विशेष गरजा ध्यानी घेऊन कार्यक्रम देणे, ही उद्दिष्टे त्यात नमूद आहेत. कायद्याची ही वाक्येही ‘देणे’, ‘करणे’ अशीच आहेत. घेणारा बोलेल, हे तेथेही सुचविलेले नाही. २०२३ मध्ये या संस्थेने आपले इंग्रजी नाव सोडून ‘आकाशवाणी’ हेच नाव सर्वत्र वापरण्याचे ठरविले. नाव सुंदर आहे. परंतु पुराणातील आकाशवाणीचे लक्षण असे, की ती ऐकावयाची असते. तिला प्रतिप्रश्न करता येत नाही. कंसाने ती ऐकली, पण तिला विचारता काही आले नाही. लोकशाहीतील आकाशवाणीस हे लक्षण शोभणारे नाही.

या विषयावर आपल्या विभागात पुष्कळ काम होण्यासारखे आहे. एखाद्या महिन्याची प्रादेशिक बातमीपत्रे ध्वनिमुद्रित करून त्यांतील प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, स्थळनामे कोणत्या विभक्तीत येतात, ‘आपण’ या सर्वनामाने कोणता श्रोता गृहीत धरला आहे, याची मोजदाद पदव्युत्तर विद्यार्थी सहज करू शकतील. तीच ध्वनिमुद्रिते चारोटी, कासा वा तलासरी येथे ऐकवून त्यांवरची उत्तरे टिपावीत. मात्र ती उत्तरे आपल्या शब्दांत उतरवून न घेता, बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवावीत. तसे न केले, तर नभोवाणीवर घेतलेला हा आक्षेप प्रथम आपल्याच संशोधनास लागू पडेल.