अर्ध्यावर जागा होणारा व्हॉल्व्ह

सप्टेंबर १९३६ च्या ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स’मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम डोहर्टी यांचा वीस पानांचा निबंध आहे. विषय रूक्षच: रेडिओ केंद्राच्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज कशी वाचवायची. पण कारंजा तालुक्यातल्या कामरगावात किंवा आणखी कुठेही मोबाइलच्या टॉवरखाली उभं राहिलं, तर वरच्या पेटीत बहुधा याच निबंधातली मांडणी चालू असते. म्हणून तो सावकाश वाचावा.

अडचण अशी की अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण दाबाने चालला तरच विजेचं चीज होतं. बी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरला गणित जास्तीत जास्त ७८.५ टक्के देतं. आउटपुटचं व्होल्टेज निम्म्यावर आलं की कार्यक्षमताही निम्मी, ३९ टक्के. आणि एएम प्रसारणात पूर्ण मॉड्युलेशनची तयारी ठेवलेली असली, तर निवेदक श्वास घ्यायला थांबताच लहर नेमकी त्या निम्म्यावर येऊन बसते. प्रत्यक्षात पदरी पडायचे जेमतेम ३३ टक्के. ५० किलोवॅट हवेत सोडायला १५० घ्यायचे आणि उरलेले १०० नुसतं तापण्यात घालवायचे.

डोहर्टींनी दोन व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, घेतले. पहिला बारमाही सालदार, दुसरा सुगीपुरता रोजंदार. अर्ध्या व्होल्टेजपर्यंत पहिला एकटाच राबतो आणि त्याच्यापुढचा भार मुद्दाम दुप्पट ठेवलेला असतो, त्यामुळे तो अर्ध्यावरच आपल्या कमाल व्होल्टेजला, म्हणजे कमाल कार्यक्षमतेला पोचतो. तिथून वर दुसरा जागा होतो. इथवर कुणालाही सुचलं असतं. खरी गंमत पुढे आहे, आणि तिथे सालदाराची उपमा मोडते: रोजंदार आल्यावर सालदाराचं काम हलकं होत नाही, वाढतं.

हे घडवतं पहिला व्हॉल्व्ह आणि भार यांच्यामधलं पाव लहरीच्या लांबीचं जोडतंत्र. ते रोध उलटा करून दाखवतं. दुसऱ्या व्हॉल्व्हने भारात प्रवाह ओतला की जोडावरचा रोध वाढल्यासारखा होतो, पण पलीकडून पाहणाऱ्या पहिल्याला तो घटलेला दिसतो. व्होल्टेज तेवढंच ठेवून तो जास्त प्रवाह देऊ लागतो. शिखरावर दोघे निम्मा-निम्मा वाटा उचलतात. ना स्विच, ना कसला हिशेबनीस. लहरच वेळ ठरवते. निबंधात ६० ते ६५ टक्के कार्यक्षमतेचा दावा आहे. १९३८ मध्ये लुइव्हिलच्या डब्ल्यूएचएएस केंद्राने ५० किलोवॅटवर ही मांडणी वापरली.

आता हीच मांडणी चिपवर, जिथे व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर असतात. २.४ गिगाहर्ट्झला पाव लहर हवेत ३१ मिलिमीटर. चिपवरच्या काचेसारख्या थरात साधारण निम्मी, तरी वाय-फायच्या चिपहून लांब. मग डिझायनर तारेऐवजी वेटोळं आणि कपॅसिटर घालतात. मला याची मजा वाटते, कारण मुळात डोहर्टींनीही तेच केलं होतं, फक्त उलट्या कारणाने. मध्यम लहरींवर, समजा आकाशवाणीच्या नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्झवर, पाव लहर ४८ मीटर भरते. तेवढी तार खोलीत कोण घालणार? सिलिकॉनवरचं वेटोळं मात्र गळकं. त्याची धातूची पट्टी पातळ, खाली अर्धवाहकाचा पाया. वाचवलेल्या विजेतला काही भाग तिथेच जिरतो.

निबंधाला एक गोष्ट कळण्यासारखी नव्हती. ४जी-५जीची लहर शेकडो उपवाहकांच्या बेरजेने बनते, तिची शिखरं सरासरी शक्तीच्या आठ-दहा पटीवर जातात. अर्ध्या व्होल्टेजला शिखराची चौथाई शक्ती असते, म्हणजे डोहर्टींच्या कार्यक्षमतेचा पहिला उच्चांक या लहरीसाठी जरा वरच पडतो. उपाय म्हणून दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याहून मोठा घेतात, म्हणजे पहिला उच्चांक खाली सरकतो. शिवाय तो ट्रान्झिस्टर सिद्धांतातल्यासारखा एका बिंदूवर खाडकन जागा होत नाही. आळोखेपिळोखे देत उठतो, तेवढ्यात लहर वाकडी होते. ती सरळ करायला सिग्नल आधीच उलट वाकवून आत सोडतात. हे वाकवणारं सर्किटही वीज खातंच. टॉवरवर पन्नास-शंभर वॅटच्या कामात तो खर्च खपून जातो. हातातल्या फोनच्या वॅटभर अ‍ॅम्प्लिफायरला तो जड जातो, आणि तिथे डोहर्टींऐवजी अनेकदा लहरीच्या चढउताराप्रमाणे पुरवठ्याचं व्होल्टेजच वरखाली करण्याची युक्ती निवडली जाते.