अधिकृत विक्रेत्यांची यादी: शब्द कुणाचा, ज्ञान कुणाचं?

आज आम्ही एका लहानशा फाइलची चिकित्सा करणार आहोत. तिचं नाव ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे हे नाव लिहिलं की ती कुणालाही वाचता येते. आपल्या संकेतस्थळावरची जाहिरातीची जागा विकायला मालकानं कुणाकुणाला परवानगी दिली आहे, त्याची ही यादी. प्रत्येक ओळीत जाहिरात-यंत्रणेचं डोमेन, तिथला खाते क्रमांक आणि ‘डायरेक्ट’ किंवा ‘रीसेलर’ हा शब्द. बस्स, एवढंच.

आता ही यादी लागली कशाला? तर या जागांचे लिलाव पान उघडता उघडता, यंत्रांमार्फत होतात. ‘ही जागा अमुक वृत्तपत्राची’ असं विकणाऱ्यानं म्हणायचं आणि घेणाऱ्यानं ते मानायचं. २०१७ साली लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’नं शोध घेतला, तेव्हा त्याच्या नावानं खोट्या जागा अनेक एक्स्चेंजांवर विकल्या जात असल्याचं आढळलं. फसवणुकीचा त्यांचा अंदाज महिन्याला सुमारे १० लाख पौंडांचा होता. त्याच वर्षी ‘आयएबी टेक लॅब’नं या फाइलची पहिली आवृत्ती काढली. उपाय खरोखर चोख होता. नाव कुणीही घेऊ शकतो. पण मालकाच्या घरातली यादी तोतयाला लिहिता येत नाही.

मग आमचा आक्षेप कुठे आहे? न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण आप्ताचा शब्द. वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याला वस्तूचं साक्षात ज्ञान आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगू इच्छितो. ही फाइल मालकाला आप्त धरते. प्रत्यक्षात काय होतं बघा. मध्यस्थ कंपनी ओळींचा तयार गठ्ठा पाठवते, मालक तो चिकटवतो. त्यातले कित्येक ‘रीसेलर’ त्याला ठाऊकही नसतात. म्हणजे न पाहिलेल्या माणसांच्या नावे कुलमुखत्यारपत्र! २०२० मध्ये उघड झालेल्या ‘४०४बॉट’ नावाच्या घोटाळ्यानं अशाच लांबलचक, न तपासलेल्या याद्यांचा फायदा घेतला होता.

कुणी म्हणेल, लहान संकेतस्थळाचा खर्च याच पैशांवर भागतो. त्यानं मध्यस्थाला नाही कसं म्हणायचं? अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण पैसा तोतयाकडे जातो तेव्हा तो याच लहान मालकाच्या, त्याच्या वार्ताहराच्या पगारातून जातो. आणि यादी तर मालकाच्याच सहीची ठरते.

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक ओळीपुढे बोट ठेवून विचारावं: हा कोण, आपल्याकडे कुणामार्फत आला, त्यानं आजवर काय विकलं? उत्तर मिळालं नाही तर ती ओळ खोडावी. परवानगी देणं एका ओळीचं काम आहे. दिलेली परवानगी जाणून घेणं हे मालकाचं रोजचं काम आहे, आणि ते कुठलीही फाइल त्याच्यासाठी करणार नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.