चार्टमध्ये न मावणारी गर्दी

'प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे मोजक्या दर्दींचं संगीत' हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरं आहे का, हे कुणी बघतच नाही. जुने चार्ट वेगळंच सांगतात. जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. १९७२ मध्ये तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. १९७४ च्या सुरुवातीला 'येस'चा फक्त चार गाण्यांचा डबल अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत एकच आठवडा अव्वल होता, पण १९८८ पर्यंत ७४१ आठवडे यादीत राहिला.

म्हणजे लांबलचक, अवघड कलेला गर्दी होत नाही, हा समज खोटा.

पण तेव्हाचे चार्ट दुकानदारांनी कळवलेल्या विक्रीवर बनत. जे विकलं जात नाही, त्याचं काय? आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर दशावतार रात्रभर रंगतो. लिखित संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या सुचतात, साथीला पेटी, पखवाज, झांज. जत्रेला तिकीट नाही, म्हणून आकडाही नाही. यादीत नाव नाही एवढ्यावरून त्याला 'मोजक्यांची कला' म्हणायचं असेल, तर आधी पहाटेपर्यंत बसलेली माणसं मोजा.