नगरवर्णन आणि स्थलनामे : मुंबईविषयक तीन ग्रंथांच्या अनुषंगाने

१

मोठ्या नगराचे वर्णन करणाऱ्या वाङ्मयाचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील ग्रंथ नगरातील प्रेक्षणीय स्थळे वाचकापुढे मांडतात. दुसऱ्या वर्गातील ग्रंथ हमरस्ता सोडून गल्ल्या, वाड्या व बोळ यांतून त्याला हिंडवितात आणि सामान्य प्रवाशाच्या दृष्टीस न पडणारे कोपरे दाखविण्याचे आश्वासन देतात. अलीकडे या दुसऱ्या वर्गाला विशेष लोकप्रियता लाभली आहे. सुटीच्या दिवशी वाटाड्याबरोबर निघणाऱ्या पदयात्रा, सचित्र मार्गदर्शिका आणि वृत्तपत्रीय लेखमाला यांनी मिळून ‘अज्ञात मुंबई’ हा जणू एक स्वतंत्र विषयच निर्माण केला आहे.

या विषयाचा विचार करताना एक प्रश्न आरंभीच उपस्थित होतो : अज्ञात ते कोणाला? गिरगावातील खोताची वाडी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना अज्ञात नाही. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासून त्या जागी आहे आणि पारशी समाजास ती नित्य परिचयाची आहे. तिच्यावरून दररोज जाणाऱ्या असंख्य लोकांच्या मात्र ती लक्षात येत नाही. तात्पर्य, अज्ञातपणा हा स्थळाचा गुण नसून स्थळ आणि पाहणारा यांच्यातील संबंध आहे.

मराठी भाषेजवळ या संबंधासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘आडवाट’. आडगाव म्हणजे गुप्त गाव नव्हे, तर मुख्य रस्त्यापासून बाजूला असलेले गाव. आडनाव म्हणजे लपविलेले नाव नव्हे, तर मुख्य नावाच्या बाजूचे नाव. ‘आड’ या पूर्वपदात दडविण्याचा भाव गौण आणि बाजूला असण्याचा भाव प्रधान आहे. नगराच्या आडवाटांवर प्रवेश मिळवायचा तर तेथील लोक त्या जागेला काय म्हणतात, हे प्रथम ठाऊक असावे लागते. स्थलनाम ही त्या प्रवेशाची किल्ली होय. नगरवर्णनपर ग्रंथाची योग्यता त्याने किती स्थळे दाखविली यावरून ठरविण्यापेक्षा त्याने नावांशी कसा व्यवहार केला यावरून ठरवावी, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी मुंबईविषयक तीन ग्रंथ विचारात घेतले आहेत : गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३), बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९), आणि सॅम्युएल शेपर्ड यांचा मुंबईतील स्थलनामे व रस्त्यांची नावे यांवरील इंग्रजी ग्रंथ (१९१७).

२

माडगांवकर (१८१५–१८६५) हे मूळचे गोमंतकातील. बालपणी, १८२४ साली, ते मुंबईत आले आणि पुढे येथेच अध्यापन व ग्रंथलेखन करीत राहिले. ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले त्या वेळी त्यांचे मुंबईतील वास्तव्य जवळजवळ चाळीस वर्षांचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते जन्माने मुंबईकर नव्हते, तथापि प्रवासीही नव्हते. आगंतुकाचे कुतूहल आणि रहिवाशाची भाषा या दोहोंचा मेळ त्यांच्या ठिकाणी पडला होता.

ग्रंथाची मांडणी मुख्यतः विषयवार आहे. बेटांचा पूर्वेतिहास, देवस्थाने, बाजार, नाना जातिधर्मांचे लोक व त्यांचे आचार, विद्यालये, आगगाडी आणि गिरण्या अशा अनेक विषयांचा परामर्श त्यात आहे. इंग्रजी राजवटीविषयीचा त्यांचा आदरभाव आजच्या वाचकास अनेक ठिकाणी खटकतो, आणि उपदेशाकडे वळण्याची त्यांची प्रवृत्तीही लपत नाही. परंतु ज्या काळी हा ग्रंथ लिहिला गेला त्या काळाचे महत्त्व मोठे आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती. कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात पाडली जाणार होती. पुढे दरवाजा गेला आणि ‘चर्चगेट’ हे नाव उरले. नाव वस्तूपासून सुटून स्वतंत्रपणे जगू लागण्याच्या उंबरठ्यावर उभे राहून माडगांवकरांनी हे शहर पाहिले.

आचार्य व शिंगणे यांचा ग्रंथ त्यानंतर २६ वर्षांनी आला. त्यांच्यापुढील मुंबई निराळी होती. कोटाच्या भिंती नाहीशा झाल्या होत्या, कापडगिरण्यांची वाढ झाली होती आणि बोरीबंदरावर व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत नुकतीच पुरी झाली होती. या ग्रंथाचा भर माहितीच्या विस्तारावर आहे. माडगांवकरांचा जिव्हाळा त्यात कमी आढळतो. तरी एका बाबतीत दोन्ही मराठी ग्रंथ समान भूमीवर आहेत : त्यांतील स्थलनामे बोलणाऱ्याच्या तोंडची आहेत आणि ती देवनागरीत लिहिलेली आहेत. ही बाब वरवर क्षुल्लक वाटली तरी तिचे मोल शेपर्ड यांच्या ग्रंथाशी तुलना केली असता कळून येते.

३

शेपर्ड यांनी आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच मुंबईच्या इतिहासातील आडवाटांवरची सहल, असा आपला हेतू सांगितला आहे. नावांची वर्णानुक्रमाने मांडणी करून, त्यांविषयी सांगितल्या जाणाऱ्या व्युत्पत्ती एकत्र आणण्याचे त्यांचे काम आजही उपयुक्त आहे. मात्र त्यांचे साधन रोमन लिपी आहे आणि तेथेच अडचण उद्भवते. ल व ळ, त व ट, ऱ्हस्व व दीर्घ यांतील भेद सामान्य रोमन लेखनात टिकत नाहीत. भायखळा हे नाव इंग्रजी लेखनात इतके बदलले की त्यातील ‘खळे’, म्हणजे धान्य मळण्याची जागा, वाचकास दिसतच नाही. पूर्वपदाविषयी मतभेद असोत. उत्तरपद मराठी कानाला अजून ऐकू येते. चिंचपोकळीतील ‘पोकळी’, म्हणजे सखल, खोलगट जागा, हिचीही तीच कथा आहे.

गिरगावातील मुगभाट आणि बोरभाट ही नावे या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. आजचा मराठी वाचक त्यांतील ‘भाट’ या पदाचा अर्थ स्तुतिपाठक असा करील आणि त्या गल्लीत पूर्वी भाटांची वस्ती असावी, असा तर्कही बांधील. गोमंतकातील वाचक मात्र असे करणार नाही. तेथे भाट म्हणजे माडांची बाग आणि भाटकार म्हणजे तिचा मालक, हे शब्द आजही नित्य व्यवहारात आहेत. गिरगावचा हा परिसर एकेकाळी नारळीच्या बागांनी व्यापलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे बागायतवाचक अर्थच ग्राह्य ठरतो. आता हेच नाव रोमन लिपीत जाऊन पुन्हा देवनागरीत परतले, तर ‘मुगभट’ होण्याचा संभव आहे. आणि मग बागेच्या जागी एक भटजी उभे राहतील. स्थळ तेच राहील, पण त्याची स्मृती बदलेल.

‘वाडी’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. देशावर वाडी म्हणजे लहान खेडे. कोकणकिनाऱ्यावर वाडी म्हणजे घराभोवतालची बाग. मुंबईत ती बाग तोडून घरे बांधली गेली आणि वाडी म्हणजे घरांचा समूह झाला. फणसवाडी व केळेवाडी या नावांत झाड उरले आहे, खोताच्या वाडीत माणूस उरला आहे. माझगावच्या माथारपाखाडीत तिसराच प्रकार दिसतो. रत्नागिरीकडे पाखाडी म्हणजे दगडांनी बांधलेली चढउताराची पायवाट. मुंबईत तोच शब्द वस्तीचा वाचक झाला. वाटेचे नाव वस्तीला लागले, हा अर्थविस्तार मराठी बोलींच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगा आहे.

येथे व्याकरणाचा एक बारकावा सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ‘खोताची वाडी’ हा सामास शब्द नसून षष्ठीयुक्त पदबंध आहे. म्हणून मराठीच्या स्वाभाविक प्रयोगात ‘खोताच्या वाडीत’ असे रूप होते. नाव फलकावर एका शब्दात गोठले म्हणजे ‘खोताचीवाडीत’ असे रूप ऐकू येऊ लागते. पहिल्या रूपात खोत हा अद्याप माणूस आहे. दुसऱ्यात तो केवळ ध्वनी आहे. स्थळाच्या आत असणे आणि बाहेर असणे यांतील अंतर कित्येकदा अशा एका सामान्यरूपाएवढेच असते.

४

आडवाटांवरील लेखनाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे लोकव्युत्पत्तीविषयीची अतिरिक्त आवड. ऐकणाऱ्याला चटकन हसू येईल किंवा आश्चर्य वाटेल अशी कथा नावाला जोडली, की वाटाड्याचे काम सोपे होते. भेंडी बाजार हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘बाजाराच्या मागे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव पडले, असे नेहमी सांगितले जाते. ही कथा भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. त्या इंग्रजी शब्दातील ‘आइ’ हा संयुक्त स्वर मराठीने घेतलेल्या शब्दांत सामान्यतः टिकून राहतो; ‘लाइन’ किंवा ‘टाइम’ यांचे लेन किंवा टेम असे एकारान्वित रूप शिष्ट बोलीत झालेले नाही, आणि अशिष्ट बोलीतील रूपांच्या आधारे अनुमान करायचे तर आद्य अक्षरातील महाप्राणाचा उलगडा व्हावा लागतो. उलट भेंडीचा वृक्ष कोकणपट्टीत सर्वपरिचित आहे, आणि आसपासची नावे पाहिली तर उमरखाडीत उंबर, चिंचबंदरात चिंच, अशी वृक्षनामांची रांगच दिसते. एकट्या नावाची व्युत्पत्ती मोहक असू शकते. शेजारच्या नावांसह जी टिकते ती विश्वसनीय होय.

शहराच्या इंग्रजी नावाविषयीची कथाही अशीच आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘चांगला उपसागर’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘बॉम्बे’ झाले, असे पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु पोर्तुगीज भाषेत ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचे विशेषण ‘बोआ’ असे यावयास हवे, ‘बों’ असे नव्हे. शिवाय सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखनात मकाराने आरंभ होणारी रूपेही आढळतात. लिंगवचनाचा एवढा साधा विचार केला असता तरी या कथेचे आयुष्य कमी झाले असते.

याचा अर्थ लोकव्युत्पत्ती टाकाऊ आहे असा नव्हे. नाव दुर्बोध झाले की समाज त्याला नवा अर्थ देतो, आणि तो अर्थही त्या समाजाच्या इतिहासाचा भाग असतो. दोष कथा सांगण्यात नाही, तिला प्रमाण मानण्यात आहे. समीक्षकाने दोन्ही गोष्टी वेगळ्या रकान्यांत नोंदवाव्या : नाव कोठून आले, आणि ते कोठून आले असे लोक मानतात.

याउलट योग्य रीतीने वाचलेली नावे नगरदर्शनाचा स्वतंत्र मार्ग दाखवितात. पायधुणी, उमरखाडी, दोन टाकी, धोबीतलाव ही नावे नकाशावर मांडली तर आज जेथे पाण्याचा मागमूस नाही तेथे पूर्वीची खाडी व तळी उभी राहतात. बेटांमधील मोठे भगदाड हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, बंद झाले. त्यापूर्वी भरतीचे पाणी शहराच्या आतपर्यंत येत असे. त्या पाण्यातून पलीकडे आलेल्या माणसाने पाय धुण्याची जागा ती पायधुणी. दीड-दोनशे वर्षांत सर्व चिन्हे पुसली गेली. एक नाव तेवढे राहिले. कोणत्याही फलकाशिवाय, केवळ नावांच्या आधारे, अशी वाट पायी चालता येते.

५

तीनही ग्रंथांचा एकत्र विचार करता असे दिसते की, माडगांवकरांजवळ भाषा होती पण नावांची पद्धतशीर चिकित्सा हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. आचार्य-शिंगणे यांच्याजवळ विस्तार होता. शेपर्ड यांच्याजवळ चिकित्सेची इच्छा होती पण भाषेचे साधन अपुरे होते. ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथाचे न. र. फाटक यांच्या संपादनाखाली १९६१ साली पुनर्मुद्रण झाले आणि मुरली रंगनाथन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही केले. ग्रंथ उपलब्ध आहे. परंतु त्यातील प्रत्येक स्थलनामाचा पाठ, त्याची शेपर्डकृत नोंद आणि आजचा उच्चार यांची तुलनात्मक सूची हे काम विद्यापीठीय संशोधनाच्या कक्षेत येते.

या कामास विलंब परवडणारा नाही. जुन्या वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांना दिली जाणारी नावे त्या भूमीशी संबंध नसलेली असतात. गल्ल्या एकत्र करून मोठे भूखंड पाडले जातात तेव्हा गल्लीबरोबर तिचे नावही व्यवहारातून जाते. सरकारी नामांतराची निदान नोंद होते : १९९५ साली शहराचे, १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनसचे, २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव बदलले, हे कोणासही शोधून काढता येईल. बोळाचे, विहिरीचे, नाक्याचे तोंडी नाव लुप्त झाले तर त्याची तारीखही उरत नाही.

अशा नावांचे जाणकार शहरात अद्याप आहेत. खोताच्या वाडीत, माथारपाखाडीत आणि कोळीवाड्यांत वृद्ध माणसे आपल्या बोलीत ती उच्चारतात. पूर्व-भारतीय ख्रिस्ती समाजाची मराठी बोली आणि कोळ्यांची बोली यांत जतन झालेले उच्चार कोणत्याही छापील ग्रंथात सापडणार नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तेथे जावे ते अज्ञात स्थळ पाहण्यासाठी नव्हे, तर ज्यांना ते ज्ञात आहे त्यांच्याकडून ते नाव यथातथ्य ऐकून, विभक्तिरूपांसह लिहून घेण्यासाठी. नगराच्या आडवाटा दाखविणारा पुढील ग्रंथ अशा नोंदींवर उभा राहिला, तर माडगांवकरांनी आरंभिलेले कार्य खऱ्या अर्थाने पुढे जाईल.